समुद्रतळावरची नागमोडी पात्रे कोण कोरते?

अथांग
नमस्कार. गेले काही दिवस फावल्या वेळात मी सागरतळाचे नकाशे पाहत बसतो. ॲमेझॉनच्या मुखासमोरचा तळ पाहताना मी थबकलो. नदी समुद्राला मिळून संपली, असे समजून मी पुढे सरकत होतो, तर तीन-साडेतीन हजार मीटर खोलीवर पुन्हा एक पात्र दिसले आणि तेही चक्क नागमोडी. वळणामागून वळण, मध्येच तुटून बाजूला पडलेले एखादे जुने वळण आणि दोन्ही काठांना बांधासारखे उंचवटे. निळा रंग पुसून टाकला, तर कोणीही त्याला मैदानातली नदीच म्हणेल.

हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती, तेव्हाच्या नद्यांची ही बुडालेली पात्रे असावीत, असा माझा पहिला तर्क होता. परंतु ती पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटरच खाली गेली होती, त्यामुळे साडेतीन हजार मीटरपर्यंत हा हिशेब पोहोचतच नाही. मग ही पात्रे कोरली कोणी? नदी वाहते, कारण तिच्या भोवती हवा असते. चहूबाजूंनी पाणीच असताना पाणी कशाच्या जोरावर वाहील? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गाळमोती
बुडालेल्या नदीचा तर्क तुम्ही स्वतःच खोडून काढलात, हे उत्तम झाले. बुडालेल्या नद्या असतात, पण त्या किनाऱ्यालगतच्या उथळ भूखंडमंचावर. तुम्ही पाहिलेले पात्र समुद्रातच जन्मले आणि समुद्रातच वाढले.

त्याला घडवणाऱ्या प्रवाहाला टर्बिडिटी करंट म्हणतात. मी सोयीसाठी 'गढूळ प्रवाह' म्हणेन. पाण्यात गाळ मिसळला की ते आजूबाजूच्या स्वच्छ पाण्यापेक्षा जड होते आणि उतार मिळाला की तळाला बिलगून खाली धावू लागते. आकडे घालून पाहू. समुद्राच्या पाण्याचे वजन दर घनमीटरला सुमारे १०२५ किलो असते आणि वाळूच्या कणाची घनता सुमारे २६५०. आकारमानाने एक टक्का वाळू मिसळली, तर घनमीटरमागे वजन जेमतेम १६ किलोंनी वाढते. नदीचे पाणी भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड असते, तर हा प्रवाह भोवतालापेक्षा फक्त दीड टक्क्याने जड असतो. नदीला खाली ओढणाऱ्या बळाचा साठावा हिस्सा त्याच्या वाट्याला येतो. तेवढ्यावर तो शेकडो किलोमीटर जातो, कारण त्याची जाडी दहा-वीस मीटरपासून शंभर मीटरच्याही पुढे असू शकते. प्रवाह जितका जाड, तितके खाली ओढले जाणारे एकूण वजन जास्त. जाडी विरळपणाची उणीव भरून काढते.

उगाचच
म्हणजे गाळ पाण्याला ओढतो आणि पाणी गाळाला उचलून धरते. अंधपंगुन्याय इतक्या खोलवर लागू असेल, असे वाटले नव्हते.

गाळमोती
उगाचच, तुम्ही विनोद केलात खरा, पण यापेक्षा नेमकी उपमा मला सुचली नसती. प्रवाह पुरेसा वेगवान असेल, तर त्यातील भोवरे गाळ तरंगत ठेवतात. गाळ तरंगत राहिला, तर वजन टिकते आणि वजन टिकले, तर वेग टिकतो. वेग आणखी वाढला, तर तो तळावरचा नवा गाळ उचलतो, त्याने वजन वाढते आणि प्रवाह आणखी चेव धरतो. उलट उतार मंदावला, प्रवाह आडवा पसरला किंवा वरून स्वच्छ पाणी मिसळून तो विरळ झाला, की भोवरे दुबळे पडतात. मग आंधळा थकतो आणि पांगळा खांद्यावरून खाली पडतो. आधी जाड वाळू बसते, मग बारीक, शेवटी चिखल.

जलरेखा
याचा सर्वांत गाजलेला पुरावा टेलिग्राफच्या तारांनी दिला. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्स या उथळ भागाच्या कडेला, ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या समुद्राखालील तारा तत्क्षणी तुटल्या, यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. उताराच्या खालच्या अंगाच्या तारा ओळीने एकेक करत तुटत गेल्या आणि शेवटची तर भूकंपानंतर सुमारे तेरा तासांनी तुटली. एकूण बारा तारा निकामी झाल्या. टेलिग्राफ कार्यालयांत संदेश कधी थांबला याची वेळ मिनिटासह नोंदलेली असे, त्यामुळे नकळत त्या तारांचे घड्याळ झाले.

तरीही त्या वेळी कोणाला अर्थ लागला नाही. १९५२ साली ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग यांनी तुटण्याच्या वेळा आणि अंतरे जुळवून दाखवले की हे भूकंपाने घसरलेल्या गाळातून उठून सलग खाली धावत गेलेल्या गढूळ प्रवाहाचे काम आहे. त्यांनी काढलेला वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात होता. नंतरच्या अभ्यासांनी तो ताशी ६५ ते ७० किलोमीटरपर्यंत खाली आणला. समुद्राच्या तळाशी हा वेग थोडा नव्हे. त्याच घसरणीने उठलेल्या त्सुनामीत न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर माणसेही दगावली, हे तारांच्या कौतुकात विसरले जाऊ नये.

शंकासुर
मला हे पूर्णपणे पटलेले नाही. १९२९ ची घटना भूकंपाने कोसळलेल्या प्रचंड कड्याची होती. असा लोंढा वाटेतले सगळे खरवडत जाईल. अथांग यांनी दाखवलेली वळणे मात्र नाजूक आहेत. सारख्या रुंदीची, सारख्या लयीची. शतकातून एकदा येणाऱ्या लोंढ्याने इतके रेखीव काम करावे, हे मला कुऱ्हाडीने नक्षीकाम केल्यासारखे वाटते. शिवाय प्रत्यक्ष पाहिले कोणी? तारा तुटल्या, याचा अर्थ प्रवाह मोजला, असा होत नाही.

दोरीमाप
शंकासुर यांचा आक्षेप रास्त आहे आणि पूर्वी आम्हीही तोच घ्यायचो. मी बरीच वर्षे सर्वेक्षण जहाजांवर काढली आहेत, म्हणून थोडे अनुभवाचे सांगतो.

अडचण अशी की हा प्रवाह मोजायला ठेवलेले यंत्र तोच घेऊन जातो. आम्ही एकदा सागरी घळईच्या तळाशी वजनदार लोखंडी चौकट उतरवली होती, तिच्यावर ध्वनिलहरींनी वेग मोजणारे यंत्र. काही महिन्यांनी परत गेलो, जहाजावरून साद घातली, तर उत्तर आले. पण ज्या जागी सोडली होती, तिथून नव्हे, घळईत बऱ्याच खालच्या अंगाने. यंत्र वर येईना, कारण ते अर्धे चिखलात गाडले गेले होते. नोंदी त्याच्या पोटात आणि ते वाळूच्या पोटात. त्या रात्री जहाजावर कोणी कोणाशी फारसे बोलले नाही.

पुढे लोकांनी युक्त्या केल्या. यंत्र तळावर न ठेवता, तळाला वजन आणि वर तरंगता गोळा बांधून मधल्या दोरावर, प्रवाहाच्या बरेच वर टांगायचे आणि तिथून खाली पाहायचे. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे घळईत २०१५ ते २०१७ या काळात अशा दोरांची माळच लावली होती. अठरा महिन्यांत किमान पंधरा प्रवाह नोंदले गेले आणि सर्वांत वेगवानाचा वेग सेकंदाला सात मीटरच्या वर होता. शतकातून एकदा नव्हे, दीड वर्षात पंधरा. तिथेही शेकडो किलोंची वजने जागची हलली. त्यावरून असे दिसले की काही प्रवाहांच्या तळाशी पातळ गढूळ पाणी नसून वाळूचा दाट, जवळजवळ लापशीसारखा थर असतो आणि खरी ताकद त्या थरात असते.

दुसरे उदाहरण ब्रिटिश कोलंबियातील स्क्वामिश नदीच्या मुखासमोरचे. तिथे २०११ च्या उन्हाळ्यात तोच तळ जवळपास रोज मोजला आणि कालच्या नकाशातून आजचा वजा केला. एका हंगामात शंभराहून अधिक प्रवाहांच्या खुणा सापडल्या. भूकंप नाही, वादळ नाही. नदीला वितळत्या बर्फाचे पाणी आहे आणि ओहोटी लागली आहे, एवढे निमित्त त्यांना पुरत होते.

शंकासुर
दीड वर्षात पंधरा आणि एका हंगामात शंभर, हे आकडे मला माहीत नव्हते. कुऱ्हाड मागे घेतो. आता माझा आक्षेप दुसऱ्या टोकाला जातो. आपण सगळे 'कोरले' म्हणत आहोत. गाळमोती म्हणतात की प्रवाह थकला की गाळ टाकतो. मग तो पात्र कोरतो की बुजवतो?

बांधावरचा
या प्रश्नाची वाट पाहत होतो. माझ्या मते धाग्याच्या शीर्षकातच गोम आहे. खोल समुद्रातले पात्र जितके कोरलेले असते, तितकेच, किंबहुना अनेकदा त्याहून अधिक, बांधलेले असते.

खंडान्त उतारावर, जिथे चढण तीव्र असते, तिथे प्रवाह तळ खरवडतो आणि घळई खोल करतो. तिथे 'कोरणे' हा शब्द योग्य आहे. उताराच्या पायथ्याशी जमीन सपाट होत जाते. पुढे तर किलोमीटरला एखादा मीटर एवढाच उतार उरतो. तिथे प्रवाहाची जाडी पात्राच्या खोलीपेक्षा जास्त असते. खालचा वाळूचा भाग पात्रात राहतो आणि वरचा बारीक चिखलाचा भाग काठांवरून बाहेर सांडतो. बाहेर पडताच तो पसरतो, मंदावतो आणि काठालगतच गाळ टाकतो. पुढचा प्रवाह त्यावर आणखी एक थर चढवतो. अशा शेकडो थरांतून दोन्ही बाजूंना पूरतट उभे राहतात. तटांमुळे पुढचा प्रवाह अधिक बंदिस्त होतो, अधिक दूर जातो आणि तिथले तट वाढवतो. प्रवाह स्वतःच्या भिंती स्वतः बांधत पुढे सरकतो.

नदीचेही पूरतट असतात, पण इथे त्यांची उंची भलतीच असते. त्याचे कारण गाळमोती यांच्या साठाव्या हिश्श्यात आहे. नदी वळणावर जाते, तेव्हा बाहेरच्या काठाला पाणी किंचित चढते. गढूळ प्रवाहाला खाली धरून ठेवणारे वजन साठपटीने कमी, म्हणून तेवढ्याच वेगाला तो वळणावर साठपटीने जास्त चढतो आणि बाहेरच्या तटावरून भरभरून सांडतो. त्यात पृथ्वीच्या परिवलनाची भर पडते. उत्तर गोलार्धात प्रवाह उजवीकडे ढकलला जातो, त्यामुळे उजवा तट डाव्यापेक्षा उंच असतो. लॅब्राडोर समुद्रातून दक्षिणेला सुमारे ३८०० किलोमीटर जाणाऱ्या मध्य-महासागरी पात्रात पश्चिमेचा तट सतत उंच दिसतो, तो यामुळेच.

अथांग
बांधावरचा, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. परंतु तट असे वाढत गेले आणि पात्राच्या तळावरही वाळू साठत गेली, तर एके दिवशी पात्राचा तळच आजूबाजूच्या मैदानापेक्षा वर येईल. मग ते पात्र टिकते कसे?

बांधावरचा
टिकत नाही. एखाद्या मोठ्या प्रवाहात बाहेरचा तट फुटतो, प्रवाह बाजूच्या सखल भागात उतरतो आणि जुने पात्र कायमचे सोडून देतो. तिथे पुन्हा नवे तट, नवी उंची, पुन्हा फूट. असा पात्रबदल लाखो वर्षे होत राहिला की गाळाचा अवाढव्य पंखा तयार होतो. जगातील सर्वांत मोठा पंखा बंगालच्या उपसागरात आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेला हिमालय तिथे सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीवर पसरला आहे आणि विषुववृत्ताच्या पलीकडे गेला आहे. उत्तरेकडे त्याची जाडी सोळा किलोमीटरच्या आसपास मानतात. २०१५ साली आठ अंश उत्तर अक्षांशावर ओळीने सात ठिकाणी छिद्रे पाडून त्याचे थर काढले, तेव्हा एकाशेजारी एक, एकावर एक असे जुन्या पात्रांचे तट सापडले.

चिमूटभर वाळू
मी अशा गाळाचे नमुने हाताळले आहेत. समुद्रतळात नळी खुपसून काढलेला गाळाचा गाभा उभा चिरून टेबलावर ठेवतात. खालून अंगठा फिरवत वर गेलो, तर आधी खरखरीत वाळू लागते. तिच्या खालची रेघ सुरीने कापल्यासारखी असते, कारण आलेल्या प्रवाहाने जुना चिखल खरवडलेला असतो. चार बोटे वर गेलो की वाळू पिठासारखी होते, बारीक आडव्या रेघा दिसतात, मग लाटांसारखी वेलांटी आणि शेवटी बोटाला चिकटणारा मऊ चिखल. त्यावर पुन्हा सुरीची रेघ आणि पुन्हा खरखर. अर्नोल्ड बाउमा यांनी १९६२ साली या क्रमाची नीट मांडणी केली आणि तो क्रम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अंगठ्याखालून गेलेली ती वीतभर जाडी एका प्रवाहाची, म्हणजे काही तासांची किंवा दिवसांची. तिच्यावरचा नखाएवढा निव्वळ समुद्री चिखल मात्र शेकडो वर्षांचा असू शकतो. काळ असा उलटासुलटा वाचायला लागतो, याची सवय व्हायला मला बराच वेळ लागला.

घरी पाहायचे असेल, तर काचेची लांबट टाकी एका टोकाला उचलून स्वच्छ पाण्याने भरावी आणि उंच टोकाला मातीचे दाट पाणी एकदम सोडावे. पुढचे टोक फणा काढल्यासारखे वर उचललेले दिसते आणि फण्याच्या मागे वरच्या अंगाने भोवऱ्यांची रांग सुटते. डच भूवैज्ञानिक क्यूनेन यांनी १९३७ साली प्रयोगशाळेत असेच काहीसे मोठ्या प्रमाणावर केले होते.

उगाचच
मी प्रयोग केला. फणा दिसला. टाकीतल्या माशांना आधी दुसरीकडे हलवावे, ही सूचना कृपया प्रतिसादात वाढवावी.

पायरीपायरीने
तट बांधणे हे अर्धे चित्र झाले, असे मला वाटते. सपाट भागात कोरणे थांबते, असा बांधावरचा यांच्या म्हणण्याचा सूर थोडा घाईचा आहे. ब्रिटिश कोलंबियातीलच ब्यूट इनलेट या खाडीच्या तळावरच्या पात्राचे वर्षानुवर्षे नकाशे काढले गेले. त्या पात्रात ठिकठिकाणी पायऱ्या आहेत, म्हणजे तळ एकदम काही मीटर खाली उतरतो. धबधबा जसा मागे सरकतो, तशा या पायऱ्या प्रवाहागणिक वरच्या दिशेला सरकतात, पण त्यांचा वेग वर्षाला शंभर ते साडेचारशे मीटर इतका आहे. पायरी सरकताना पात्राचा तळ उकरला जातो आणि तो गाळ खाली नेऊन टाकला जातो. त्या पात्राची घडण मुख्यतः या पायऱ्यांनी ठरते, काठांच्या वळणांनी नव्हे. जमिनीवरच्या धबधब्याला कठीण खडक लागतो. इथे खडक नाही, भूकंप नाही, प्रवाह स्वतःच पायरी तयार करतो. दोरीमाप यांच्या स्क्वामिशमधील चंद्रकोरीसारखे उंचवटेही असेच उलटे चढतात, कारण प्रवाह उतरत्या बाजूला वेगाने खरवडतो आणि पुढच्या चढावर उसळी घेऊन मंदावताना गाळ टाकतो.

बांधावरचा
पायरीपायरीने, मान्य. 'कोरणे थांबते' असे सुचवायला नको होते. तरीही खाडीतले वाळूचे पात्र आणि महासागरी पंख्यावरचे चिखलाचे पात्र यांना एकच नियम लावू नये, एवढे म्हणून थांबतो.

जलरेखा
कांगोचा उल्लेख अजून आला नाही, याचे आश्चर्य वाटते. बहुतेक नद्या आणि त्यांच्यासमोरच्या घळया यांच्यामध्ये आज रुंद भूखंडमंच आहे. समुद्राची पातळी वाढल्यापासून गाळ त्या मंचावरच अडकतो, म्हणून ॲमेझॉनचा पंखा सध्या जवळजवळ झोपलेला आहे. अथांग यांनी पाहिलेली वळणे हिमयुगातल्या कामाची आहेत. म्हणजे हिमयुगाचा त्यांचा तर्क चुकला तरी वाया गेला नाही. कांगोची घळई मात्र थेट नदीच्या मुखात शिरलेली आहे. तिथे सुमारे दोन हजार मीटर खोलीवर केलेल्या मोजणीत एकेक प्रवाह जवळजवळ आठवडाभर चाललेला आढळला.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस कांगोला मोठा पूर आला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १४ ते १६ जानेवारी २०२० या दिवसांत, घळईतून एक प्रवाह निघाला आणि अकराशे किलोमीटरहून अधिक धावला. आश्चर्य असे की खाली जाताना तो मंदावला नाही, सेकंदाला ५.२ मीटरवरून ८ मीटरपर्यंत वाढला. वाटेत लावलेले मोजणीचे दोर उपटले गेले, गोळे पृष्ठभागावर तरंगत आले आणि दूरसंचाराच्या दोन केबल तुटल्या. १९२९ च्या तारांनी सांगितलेली गोष्ट केबलनी पुन्हा सांगितली.

शंकासुर
मग मूळ प्रश्नाकडे येतो. ही पात्रे नदीसारखी दिसतात, ते नदीसारख्याच कारणाने का?

गाळमोती
काही अंशी. मऊ तळावरचा बंदिस्त प्रवाह सरळ राहत नाही, हे दोघांना लागू आहे. पण नदी वळणाचा बाहेरचा काठ खात राहते आणि वळण मैदानभर भटकते. समुद्रतळावरच्या अनेक पात्रांत वळण आधी वाढते आणि मग जवळपास जागीच थांबून फक्त उंच होत जाते. नदीच्या वळणात तळाजवळचे पाणी आतल्या काठाकडे वळते. गढूळ प्रवाहात अनेकदा ते उलट, बाहेरच्या काठाकडे जाते, असे प्रयोगांत आणि मोजणीत आढळले आहे. उलटे कधी आणि सुलटे कधी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. शिवाय नदी सतत वाहते. हे पात्र बहुतांश काळ रिकामे असते.

उगाचच
रिकामे कसे, पाण्याने भरलेले असते की!

अथांग
सर्वांचे आभार. आज तो नकाशा पुन्हा उघडला आणि ॲमेझॉनसमोरच्या त्या पात्राला आडवी रेघ मारून खोलीचा छेद काढला. नकाशावर मला खोदलेली चर दिसत होती. छेदात आधी रुंद, मंद चढाची टेकडी आली, तिच्या माथ्यावर बारीकशी खाच आणि मग पलीकडचा उतार. खाचेचा तळही शेजारच्या मैदानापेक्षा वर आहे. इतके दिवस मी टेकडीच्या माथ्याला दरी समजत होतो.

शीर्षक आता बदलता येत नाही. वाचणाऱ्यांनी 'कोरते' ऐवजी 'बांधते' असे वाचावे.

पायरीपायरीने
'बांधते आणि कोरते' असे वाचावे.